पडद्याचे वतन : अंगभूत ग्राफिक्स आणि पाहुण्या यंत्राची सनद

#धागा #संगणकाचाइतिहास

१/ संगणकाच्या परिभाषेत ‘चोरलेली मेमरी’ ही एक रूढ तांत्रिक संज्ञा आहे. यंत्राचे बटण दाबल्यानंतर, ऑपरेटिंग सिस्टिमला जाग येण्यापूर्वीच, फर्मवेअर मुख्य मेमरीचा एक तुकडा बाजूला काढते आणि तो ग्राफिक्सच्या नावे करून टाकते. नंतर येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला तो तुकडा ‘राखीव’ म्हणूनच दिसतो. या पहाटेच्या व्यवहाराने पुढे अनेकांना अनेक वर्षे छळले. हा धागा त्या व्यवहाराच्या इतिहासाचा आहे.

२/ प्रथम चार शब्द. फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला, यंत्राला जागे करणारा प्रोग्रॅम. अंगभूत ग्राफिक्स म्हणजे वेगळ्या कार्डाऐवजी चिपसेटमध्ये किंवा प्रोसेसरमध्येच सामावलेले चित्रयंत्र. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या यंत्राच्या पोटात चालणारे दुसरे, आभासी यंत्र. पहिले यजमान, दुसरे पाहुणे. आणि पासथ्रू म्हणजे यजमानाने आपले एखादे खरे उपकरण पूर्णपणे पाहुण्याच्या स्वाधीन करणे.

३/ यजमानाने पाहुण्याला चित्रयंत्र का द्यावे? आभासी यंत्रातला नकली पडदा मजकूर दाखवायला पुरतो. चित्रपट, खेळ किंवा त्रिमितीय आराखडे यांपुढे तो धापा टाकतो. ज्यांच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे ते कार्ड देऊन मोकळे होतात. पण लॅपटॉप आणि लहान संगणक यांत बहुधा एकच चित्रयंत्र असते, तेही अंगभूत. तेव्हा देण्याजोगे जे आहे ते हेच.

४/ देण्याची कल्पना नवी नव्हती. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकात सीपी-४० आणि सीपी-६७ या प्रणाली घडल्या. त्यांच्या परंपरेतली व्हीएम/३७० ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर झाली. एका मेनफ्रेमवर अनेक वापरकर्ते, आणि प्रत्येकाला वाटावे की अख्खे यंत्र आपलेच. त्या प्रणालीत एखादे टेप यंत्र एका आभासी यंत्राला ‘समर्पित’ करण्याची सोय होती. आजच्या पासथ्रूचा हा पूर्वज.

५/ तेथे ते तुलनेने सोपे गेले, कारण मेनफ्रेमची उपकरणे चॅनेलमार्फत बोलत. पाहुण्याने टेपसाठी जो आज्ञापट लिहिला असेल त्यातील मेमरीचे पत्ते मूळ नियंत्रक प्रणाली बदलून खरे पत्ते घाली. टेप यंत्राला आपण कोणाच्या घरी आहोत याच्याशी कर्तव्य नव्हते. ते आज्ञा घेई आणि पाळी. वैयक्तिक संगणकातील चित्रयंत्राचा स्वभाव मात्र निराळा घडला. कसा, ते पाहणे आवश्यक आहे.

६/ ऑगस्ट १९८१. आयबीएम पीसी बाजारात आला. त्याच्या बायॉसमध्ये पडद्याशी बोलण्याचा एक ठरलेला दरवाजा होता: दहा (हेक्स) क्रमांकाचा इंटरप्ट. प्रोग्रॅमने तेथे विनंती करावी, बायॉसने अक्षर पडद्यावर उमटवावे. मेमरीचे पहिले ६४० केबी प्रोग्रॅमांचे. त्यावरची १२८ केबी पडद्यासाठी राखलेली. ही जागावाटणी त्या एका यंत्रापुरती होती. पण तात्पुरत्या व्यवस्था जेवढ्या टिकतात तेवढ्या क्वचितच दुसऱ्या कशा टिकतात.

७/ १९८४ मध्ये ईजीए कार्ड आले आणि त्याने स्वतःचा बायॉस सोबत आणला. यंत्र सुरू होताना मुख्य बायॉस मेमरीचा ठरावीक पट्टा धुंडाळी. ५५ एए ही खूण दिसली की तेथील प्रोग्रॅम चालवी. म्हणजे उपकरण आपला कारभारी आपल्याबरोबर घेऊन येऊ लागले. १९८७ मध्ये पीएस/२ यंत्रांबरोबर व्हीजीए आले, आणि त्याचे पत्ते, दरवाजे व रीतिरिवाज पुढील तीन दशके सर्वांना पाळावे लागले.

८/ याच काळातली एक घटना पुढे उपयोगी पडणार आहे. आयबीएमच्या बायॉसची यादी छापील पुस्तिकेत उपलब्ध होती, पण तिची नक्कल करणे बेकायदा होते. कॉम्पॅकने, आणि १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने, मार्ग काढला. एका गटाने बायॉस काय करतो याचे वर्णन लिहिले. मूळ कोड न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायॉस लिहिला. कोड परका राहिला, वर्तन मात्र आपले झाले. पीसीसदृश यंत्रांचा सारा बाजार या युक्तीवर उभा राहिला.

९/ आता १९९९. इंटेलचा ८१० चिपसेट आला आणि स्वस्त संगणकांतून ग्राफिक्स कार्ड नाहीसे होऊ लागले. चित्रयंत्र चिपसेटमध्येच गेले. त्याला स्वतःची मोठी मेमरी नव्हती. मग ती मुख्य मेमरीतून घ्यायची. किती घ्यायची, कोठून घ्यायची हे ठरवणार कोण? फर्मवेअर. पहिल्या पोस्टमधली ‘चोरी’ ती हीच.

१०/ आणखी एक सूक्ष्म बदल झाला. वेगळ्या कार्डावर त्याचा बायॉस असलेली चिप असे. अंगभूत चित्रयंत्राला कार्डच नाही, मग चिप कोठली? त्याचा व्हिडिओ बायॉस मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच एक भाग म्हणून ठेवण्यात आला. उपकरण एकीकडे आणि त्याचा कारभारी घरमालकाच्या नोकरीत. वरवर पाहता क्षुल्लक भासणारी ही गोष्ट पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ आहे.

११/ मराठी इतिहासाच्या वाचकाला येथे वतनाची आठवण व्हावी. वतनदार गावात पिढ्यान्‌पिढ्या असला तरी त्याचा हक्क सनदेवर उभा असे, आणि राज्यकर्ता बदलला की ती सनद नव्याने करून घेण्याची धडपड सुरू होई. इंटेलच्या चित्रयंत्राचे वतन म्हणजे ००:०२.० हा पीसीआय पत्ता. आणि त्याची सनद? तिलाही एक नाव आहे: ऑपरीजन.

१२/ ऑपरीजन म्हणजे मेमरीतला काही किलोबाइटांचा दस्तऐवज. त्याच्या शिरोभागी सोळा अक्षरांचा शिक्का असतो: ‘इंटेलग्राफिक्समेम’. आत तपशील: या यंत्राला कोणते पडदे जोडता येतात, लॅपटॉपचा पडदा कोणत्या तारांवर आहे, त्याच्या वेळा काय. हा दस्तऐवज फर्मवेअर तयार करते आणि त्याचा पत्ता चित्रयंत्राच्या एका रजिस्टरमध्ये लिहून ठेवते. ड्रायव्हर जागा झाला की तो आधी ही सनद वाचतो.

१३/ २०१० मध्ये चित्रयंत्र प्रोसेसरच्या वेष्टनात आले आणि २०११ मध्ये सँडी ब्रिजबरोबर त्याच सिलिकॉनवर. व्हिडिओ संकुचित करण्याची वेगवान सोयही त्याच्यात आली. म्हणजे ते हवेहवेसे झाले आणि त्याच वेळी घराशी अधिकच जखडले गेले. सिलिकॉन, चोरलेली मेमरी, सनद, शेजारचे पूल या सर्वांचा मिळून एक संसार झाला.

१४/ दरम्यान व्हर्च्युअल मशीन मेनफ्रेमवरून पीसीवर आले. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासीकरणाला योग्य यंत्राच्या अटी मांडल्या होत्या. पेंटियममध्ये त्या अटी मोडणाऱ्या १७ आज्ञा असल्याचे २००० मध्ये दाखवण्यात आले. तरीही व्हीएमवेअरने १९९९ मध्येच चलाख भाषांतराने ते साधले होते. २००५ मध्ये इंटेलने प्रोसेसरमध्येच साहाय्य दिले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले.

१५/ केव्हीएमच्या जोडीला होते क्यूएमू. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्रॅम पूर्ण यंत्राचे सोंग वठवतो. त्याने पाहुण्यांना सिरस लॉजिक या १९९० च्या दशकातील कार्डाचे सोंग दाखवले. पाहुण्याला जागे करणारे फर्मवेअरही हवे. ते काम केव्हिन ओकॉनर यांच्या सीबायॉसने घेतले. आयबीएमच्या जुन्या बायॉसचे वर्तन पुन्हा एकदा, या वेळी मुक्त कोडमध्ये लिहिले गेले. फिनिक्सची युक्ती आठवावी.

१६/ खरे उपकरण पाहुण्याला द्यायचे तर एक धोका होता. उपकरण प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहू शकते. पाहुण्याच्या सांगण्यावरून ते यजमानाच्या मेमरीत लिहू लागले तर? म्हणून उपकरणांच्या वाटेवर पत्ते बदलणारा आणि परवाना तपासणारा नाका बसवण्यात आला. इंटेलने त्याला व्हीटी-डी म्हटले. १९७२ मध्ये नियंत्रक प्रणाली जे काम स्वतः करी ते आता सिलिकॉन करू लागले.

१७/ या नाक्याच्या आधारावर २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मध्ये व्हीएफआयओ ही चौकट आली. तेव्हा रेड हॅटमध्ये असलेले ॲलेक्स विल्यमसन हे तिचे प्रमुख शिल्पकार. वेगळे ग्राफिक्स कार्ड पाहुण्याला देणे आता शक्य झाले. अडचणी होत्या, पण मार्ग होता. कारण कार्ड आपली मेमरी आणि आपला बायॉस पाठीवर घेऊनच जाई. बिऱ्हाड पाठीवर असलेल्याला घर बदलणे जड जात नाही.

१८/ अंगभूत चित्रयंत्राचे तसे नव्हते. सिलिकॉन पाहुण्याच्या हवाली केले तरी बाकी संसार मागेच राहिला. व्हिडिओ बायॉस यजमानाच्या फर्मवेअरमध्ये, सनद यजमानाच्या मेमरीत, चोरलेल्या मेमरीचा पत्ता यजमानाच्या नकाशातला. शिवाय ड्रायव्हर शेजाऱ्यांकडे डोकावून ‘आपण कोणत्या पिढीच्या यंत्रात आहोत’ हे ठरवी. ते शेजारीही मागे राहिले. परिणाम एकच: काळा पडदा.

१९/ हा पेच प्रथम झेन प्रणालीने सोडवायला घेतला. एप्रिल २०१० मध्ये आलेल्या झेन ४.० मध्ये मुख्य ग्राफिक्स पाहुण्याला देण्याची सोय होती, आणि त्याच वर्षी सिट्रिक्सने इंटेलच्या सहकार्याने लॅपटॉपसाठी झेनक्लायंट आणले. एकाच लॅपटॉपवर कार्यालयाचे यंत्र आणि खासगी यंत्र अलगअलग नांदावीत, ही त्यामागची आकांक्षा. त्यासाठी अंगभूत चित्रयंत्र पाहुण्याच्या हाती जाणे अपरिहार्य होते.

२०/ या काळाचा एक अस्सल पुरावा लिनक्सच्या इंटेल ड्रायव्हरमध्ये आजही वाचता येतो. चिपसेटची पिढी ओळखण्यासाठी तो ठरावीक पत्त्यावर न पाहता आयएसए पूल कोठे आहे ते शोधतो. शेजारच्या टिप्पणीत कारण दिले आहे: आभासी यंत्राला केवळ एक पूल दाखवून भागावे, ही आभासीकरण पाहणाऱ्या गटाची गरज होती. शिलालेखाला जे महत्त्व, तेच कोडमधल्या अशा टिप्पणीला. करणाऱ्याचा हेतू तिथे त्याच्याच शब्दांत असतो.

२१/ केव्हीएमच्या बाजूला निर्णायक वर्ष ठरले २०१६. त्या वर्षी काम तिघांत वाटले गेले. लिनक्स ४.६ ने यजमानाची सनद आणि शेजारच्या पुलांची ओळखपत्रे वाचून दाखवण्याची सोय केली. क्यूएमू २.७ ने पाहुण्याच्या यंत्रात ००:०२.० चे वतन आणि ००:१f.० येथे एक नामधारी पूल उभा केला. आणि तिसरे, सर्वांत नाजूक काम पाहुण्याच्या फर्मवेअरकडे आले, म्हणजे सीबायॉसकडे.

२२/ सीबायॉसने काय केले? दोन कामे. क्यूएमूकडून सनदेची प्रत घेतली, पाहुण्याच्या मेमरीत राखीव जागा काढून तेथे ती ठेवली आणि तिचा नवा पत्ता चित्रयंत्राच्या रजिस्टरमध्ये लिहिला. मग चोरलेल्या मेमरीसाठी लागेल तेवढी जागा पाहुण्याच्या मेमरीतून काढली आणि तिचाही पत्ता नोंदवला. कोड थोडासा, पण अर्थ मोठा. नव्या राज्याच्या कारभाऱ्याने जुन्या वतनदाराला सनद नव्याने करून दिली.

२३/ तरीही कागदपत्रे मूळ घराचीच होती आणि ते लपत नव्हते. व्हिडिओ बायॉसच्या प्रतीत उपकरणाचा क्रमांक कधी निराळा असे, बेरजेची पडताळणीही जुळत नसे. क्यूएमू क्रमांक दुरुस्त करून बेरीज नव्याने मांडी. तो बायॉस चालू लागला की चित्रयंत्राच्या तक्त्यात यजमानाच्या मेमरीचे जुने पत्ते लिहू पाही. क्यूएमू प्रत्येक नोंद वाटेत अडवून त्यातून जुना पाया वजा करी आणि नवा मिळवी.

२४/ आणखी एक विसंगती. ही व्यवस्था क्यूएमूच्या ज्या यंत्रावर चाले ते होते ४४०एफएक्स, म्हणजे १९९६ च्या चिपसेटचे सोंग. इंटेलच्या चिपसेटमध्ये अंगभूत ग्राफिक्सचा जन्मच झाला नव्हता त्या काळचे. नव्या क्यू३५ यंत्रात ही जुनी रीत अडे, कारण तेथे ००:१f.० या जागेवर आधीच दुसरा पूल बसलेला होता. नव्या घरात शेजाऱ्याची खोली रिकामी नव्हती, म्हणून आधुनिक चित्रयंत्राला जुन्याच वाड्यात राहावे लागले.

२५/ इंटेलने दुसरे मार्गही काढले. एक, ड्रायव्हरनेच सनद आणि शेजारी यांवर विसंबणे सोडावे. पण त्या रीतीत चित्रयंत्र दुय्यम ठरे आणि खऱ्या पडद्यावर चित्र उमटण्याची हमी नसे. दोन, संपूर्ण यंत्र देण्याऐवजी त्याचे वाटे करावेत. ही पद्धत २०१४ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडली गेली आणि २०१७ मध्ये लिनक्स ४.१० मध्ये आली. हे वाटे उपयोगी होते, पण पडद्याचे मूळ वतन यजमानाकडेच राहिले.

२६/ आणि मग पायाखालची जमीनच सरकू लागली. बायॉसची जागा यूईएफआयने घेतली होती. त्यात दहाव्या इंटरप्टचा दरवाजा नाही. पडद्यासाठी जीओपी नावाचा वेगळा ड्रायव्हर असतो. २०१७ मध्ये इंटेलने २०२० पर्यंत जुन्या बायॉसची साथ सोडण्याचा मनोदय जाहीर केला. जुना व्हिडिओ बायॉस नव्या यंत्रांतून नाहीसा झाला, आणि २०१६ च्या व्यवस्थेचा एक खांब निखळला.

२७/ पाहुण्यांसाठी ओव्हीएमएफ हे मुक्त यूईएफआय फर्मवेअर आहे. पण पडदा उजळायला त्याला इंटेलचा जीओपी ड्रायव्हर हवा, आणि तो बंद कोड मदरबोर्डच्या फर्मवेअरच्या पोटात आहे. तो बाहेर काढून वापरणे तांत्रिकदृष्ट्या जमते. वाटण्याचा हक्क मात्र कोणाला, हा प्रश्न उरतो. तो नसेल तर पाहुणे यंत्र जागे होते, पण आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर येईपर्यंत अंधारात. डिस्कचा परवलीचा शब्द विचारला जातो आणि तो विचारणारा पडदाच दिसत नाही.

२८/ फिनिक्सची युक्ती येथेही करून पाहण्यात आली आहे. १९९९ मध्ये लॉस अलामोस येथे लिनक्सबायॉस या नावाने सुरू झालेल्या कोअरबूट प्रकल्पात इंटेलचे पडदे उजळणारा एक मुक्त संग्रह आहे, लिबजीएफएक्सइनिट. तो स्पार्क या काटेकोर भाषेत लिहिलेला आहे. बंद कोडची प्रत न घेता त्याचे काम पुन्हा लिहिणे शक्य आहे, याचा हा पुरावा. पण प्रत्येक नव्या पिढीच्या चित्रयंत्रामागे हे लेखन पुन्हा धावावे लागते.

२९/ या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. उपकरण म्हणजे केवळ सिलिकॉन नव्हे. पहाटे फर्मवेअरने त्याच्या नावे केलेल्या नोंदीही त्याचाच भाग असतात. टेप यंत्र देता आले कारण त्याच्या नोंदी नव्हत्या. ग्राफिक्स कार्ड देता आले कारण नोंदी त्याच्याबरोबर होत्या. अंगभूत चित्रयंत्र अडले, कारण १९९९ च्या काटकसरीने त्याच्या नोंदी घरमालकाच्या दप्तरात ठेवल्या. काही रुपयांची चिप वाचली आणि त्या उपकरणाचा स्वतंत्र देह संपला.

३०/ आणि दप्तर ज्याच्या हाती, सत्ता त्याची, हे देशमुख-देशपांड्यांच्या काळापासून ठाऊक आहे. विकत घेतलेल्या संगणकाचा पडदा कोणासमोर आणि केव्हा उजळावा, हे मालकाने ठरवावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते ठरते त्या क्षणी, ज्या क्षणी मालकाला यंत्रात अजून काहीच दिसत नसते. २०१६ मध्ये सीबायॉसच्या मोजक्या ओळींनी त्या क्षणातला थोडा हक्क पाहुण्याकडे आणला होता. पुढची सनद कोण लिहितो, हे अद्याप ठरायचे आहे.

(धागा समाप्त)